हशासाठी थांबायचं की नाही? (थेट टीव्हीवरचं विनोदी नाटक)

तिसरी_घंटा (सांगली)
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमच्या हौशी मंडळाने एक विनोदी नाटक रिकाम्या सभागृहातून थेट दाखवलं. अडीच तासांचं नाटक तासाभरात बसवलं होतं. पाठांतर चोख, नेपथ्य छान, तरी प्रयोग पडला. रात्री घरी रेकॉर्डिंग पाहिलं तेव्हा कारण कळलं. जिथे दर वेळी हशा येतो, तिथे सगळे सवयीने थांबत होते, आणि समोर कुणीच नाही. आत्याचं काम करणाऱ्या काकू एका वाक्यानंतर पदराशी चाळा करत तीन सेकंद उभ्या राहिल्या. रंगमंदिरात ते तीन सेकंद सोन्याचे. इथे वाटलं, वाक्य विसरल्या. फार वाईट वाटलं. चूक त्यांची नव्हती, नाटक मी बसवलं होतं.

अमेरिकेत १९५०च्या दशकात ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीची, नाटकं टीव्हीवर थेट व्हायची. त्यांनी हशाचं काय केलं?

नेपथ्यवाला
‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ घ्या. जोसेफ केसलरिंगचं हे नाटक जानेवारी १९४१ मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि १,४४४ प्रयोग झाले. ५ जानेवारी १९५५ ला सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीने ‘बेस्ट ऑफ ब्रॉडवे’ या मालिकेत ते न्यूयॉर्कहून थेट दाखवलं, तेही रंगीत. वेळ एक तास, जाहिराती त्यातच. पण स्टुडिओत प्रेक्षक बसवले होते! नटांना हशा मिळत होता. तुमच्याकडे नेमकं तेच नव्हतं.

नाटकही थेट प्रक्षेपणाला सोयीचं. ब्रुकलिनमधल्या दोन प्रेमळ म्हाताऱ्या बहिणी एकाकी वृद्धांना विष घातलेली एल्डरबेरीची वाईन पाजतात आणि तळघरात पुरतात. सगळं एका दिवाणखान्यात घडतं. खिडकीखालच्या पेटीत प्रेत आहे हे आपल्याला कळलं की मग कॅमेरा नुसता तिकडे वळला तरी पुरे. अडचण अंधाराची. प्रेतांची हलवाहलव मंचावर काळोखात होते आणि तिथे धमाल येते, पण त्या काळच्या रंगीत कॅमेऱ्यांना भरपूर उजेड लागायचा.

विंगेतून
त्या प्रयोगाबद्दल बोलायचं तर बोरिस कार्लॉफला विसरू नका, भयपटांतल्या राक्षसी भूमिकांसाठी प्रसिद्ध असलेला नट. त्या बहिणींचा खुनी भाचा जोनाथन, त्याला कुणी ‘तू कार्लॉफसारखा दिसतोस’ म्हटलं की पिसाळतो, आणि ब्रॉडवेवर ती भूमिका खुद्द कार्लॉफ करत होता. याच नाटकावरचा दिग्दर्शक फ्रँक कॅप्राचा सिनेमा १९४१ मध्ये चित्रित झाला, पण नाटक सुरू असल्यामुळे १९४४ पर्यंत डब्यात राहिला. त्यात जोनाथन झाला रेमंड मॅसी, कारण कार्लॉफला नाटकातून सोडलं नाही. मॅसीला रंगरंगोटी करून तसा चेहरा दिला, पण विनोदातला जीव गेला. १९५५ च्या प्रक्षेपणात कार्लॉफ परत आला, सोबत हेलन हेज, बिली बर्क आणि सिनेमातलाच पीटर लॉरी. घरबसल्या माणसाला तो चेहरा अगदी जवळून दिसला. रंगमंदिरात शेवटच्या रांगेतल्याला हे सुख नव्हतं. म्हणून मी म्हणते, दादा, कापाकापी करताना ज्या विनोदाला अमुकच नट लागतो तो सांभाळा, बाकीचं जाऊ द्या.

तिसरी_घंटा (सांगली)
दोघांचे मनापासून आभार. अंधाराचं लक्षातच आलं नव्हतं. आमच्याही दुसऱ्या अंकात दिवे जातात आणि रेकॉर्डिंगमध्ये तिथे नुसता काळा चौकोन आहे. तो प्रवेश आता कंदिलावर करू.

आणि पुढच्या वेळी तीस माणसं समोर बसवणार, कॅमेऱ्याच्या मागे. काकूंना आत्ताच फोन केला. म्हणाल्या, “खुर्च्या अगदी जवळ लाव रे, मला चेहरे दिसायला हवेत.”