विषय: बाबांसाठी सांगलीत केअर सेंटर – पारखायचं कसं?

प्रेषक: बॉस्टनकर (मूळ गावभाग)

नमस्कार मंडळी,
बाबांना (वय ७८) पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेला. उजवी बाजू गेलीय, बोलणं अडखळतं. मिरजेच्या हॉस्पिटलातून आता डिस्चार्ज मिळेल. आईच्या गुडघ्यांमुळे लगेच घरी नेणं शक्य नाही. नर्सिंग आणि फिजिओथेरपी दोन्ही असलेली दोन सेंटरं नजरेत आहेत. दोन्हींना गूगलवर चांगले तारे आहेत. एक जण तर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून देतो म्हणतोय. इथून काय बघून ठरवू?

प्रेषक: न्यू जर्सीचे काका

गूगलच्या ताऱ्यांवर जाऊ नकोस. बिल भागवताना काउंटरवर मागून घेतलेले असतात बरेचदा. इकडे अमेरिकेत सरकारी मेडिकेअर खातं २००८ पासून नर्सिंग होमना पाचपैकी तारे देतं. ते तपासणी, स्टाफ आणि पेशंटची प्रगती या तीन गोष्टींवर ठरतात. तिसऱ्यातली बरीच माहिती होमवालेच भरून पाठवतात, म्हणून मी आधी तपासणीचा तारा बघतो. २०२२ पासून शनिवार-रविवारी किती स्टाफ असतो आणि माणसं किती सोडून जातात हेही धरायला लागले. सांगलीत असलं काही नाही, पण हे दोन प्रश्न तिथंही विचारता येतील. तिथल्या मावशीला विचारायचं, "किती दिवस झाले इथं?" मालकाला नव्हे.

प्रेषक: लेस्टरची सिस्टर (आधी मिरज)

अरे, व्हिडिओ कॉलवर चेहरा काय बघायचाय? तोंड पुसून, पावडर लावून, इस्त्रीचा शर्ट घालून संध्याकाळी कुणालाही बसवता येतं. टाचा दाखवा म्हण. मग कुशीवर वळवून माकडहाडाची जागा. बेडसोअर तिथंच सुरू होतात. लाल डाग बोटानं दाबल्यावर क्षणभर पांढरा पडला तर ठीक, दाबूनही तसाच राहिला तर जखम सुरू झाली समज. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसतही नाही. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का, हे हातालाच कळतं. म्हणून नात्यातलं कुणीतरी पाठव. फोन न करता, रविवारी, जेवणाच्या वेळेला.

ज्यांना स्वतः हलता येत नाही त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. त्याचा चार्ट मागायचा. दुपारी बाराला गेल्यावर चार वाजताच्या रकान्यातही सही दिसली की पुढचं काही विचारायची गरज नाही. एअर बेड आहे म्हणतील. त्याचा पंप चालू आहे का ते वाकून बघायचं.

भरवताना नीट बघायला सांग. पॅरालिसिसनंतर गिळणं बिघडलेलं असू शकतं आणि घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. पेशंटला ताठ बसवलंय का, चमचा लहान आहे का, आधीचा घास गिळेपर्यंत मावशी थांबते का? पाणी पिताना ठसका लागला किंवा आवाज ओलसर, घरघरता झाला तर कुणाचं लक्ष जातं का? जेवण झाल्या झाल्या आडवं करत असतील तर ती जागा सोड.

"फिजिओ रोज येतात" हे सगळेच सांगतात. मला विचारशील तर उरलेल्या तेवीस तासांत काय होतं ते महत्त्वाचं. उठवताना लुळा हात धरून ओढतात का? त्यानं खांदा उतरतो आणि मग ते दुखणं सगळ्या व्यायामाच्या आड येतं. डाव्या हातानं बाबा स्वतः चमचा धरतात का? आधार दिल्यावर कमोडवर बसू शकणाऱ्या माणसाला दिवसभर डायपर लावून ठेवणं म्हणजे निव्वळ स्टाफची सोय. रात्री किती पेशंट, किती माणसं, त्यात शिकलेली सिस्टर कोण, हेही विचार. हात बांधणं किंवा झोपेची गोळी देऊन गप्प करणं चालतं का, हे शेजारच्या खाटेच्या नातेवाइकांना विचार. ते खरं सांगतात.

प्रेषक: दुबईकर

ताईंनी सगळं सांगितलंच. दोन भर. एक, महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली (१९४९चा) नोंदणी आहे का ते विचार आणि प्रमाणपत्र डोळ्यांनी बघ. वृद्धाश्रमाला 'केअर सेंटर' पाटी लावली म्हणून तिथं नर्सिंग होत नाही. दुसरं, तू गावभागातला, तुला काय सांगायचं! आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पुराची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. सेंटर तळमजल्यावर असेल तर खाटेवरची माणसं कुठं हलवणार, लाइट गेल्यावर ऑक्सिजन मशीन कशावर चालणार, हे आत्ताच विचार. जुलैत नको.

प्रेषक: बॉस्टनकर

विट्याची आत्या रविवारी जाऊन आली. व्हिडिओ कॉलवाल्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, पण वॉर्डात काही सोडलं नाही. "पेशंट डिस्टर्ब होतात" म्हणे. दुसरीकडे थेट खाटेपर्यंत जाऊ दिलं. रंग उडालेल्या भिंती, पण वास नाही. एक मावशी एका आजोबांना भात भरवत होती. ते मान फिरवायचे, ती थांबायची. आत्या म्हणाली, "मला अर्धा तास तिथंच बसावंसं वाटलं, मी बसले." चार्ट त्या वेळेपर्यंतचाच भरलेला होता. रात्री वीस पेशंटना एक सिस्टर आणि दोन मावश्या, हे मला कमी वाटतं, म्हणून पहिले काही दिवस रात्रीचा वेगळा माणूस ठेवतोय. तेही त्यांनी कुरकुर न करता मान्य केलं. सोमवारी बाबांना हलवतोय.

काका, तुमच्या विश्रामबागच्या घरी कमोडची खुर्ची पडून आहे म्हणाला होतात. आत्या न्यायला येऊ शकेल. किल्ली कुणाकडे आहे?