नमुना टिकला तरच

'डीएनए आहे म्हटल्यावर निर्दोष माणूस आज ना उद्या सुटतोच' हे म्हणणं मला अर्धंच पटतं. असं म्हणणाऱ्याने कॅथलीन फोल्बिगचं उदाहरण दिलंय, पण ती नेमकी कशामुळे सुटली ते राहून गेलं. 2003 मध्ये स्वतःच्या चार मुलांच्या मृत्यूबद्दल दोषी ठरलेली ही ऑस्ट्रेलियन आई 20 वर्षं तुरुंगात होती. पुढे तिच्यात आणि तिच्या दोन मुलींत हृदयाची लय अचानक बिघडवू शकणारा जनुकातला बदल सापडला. 2023 च्या जूनमध्ये माफी मिळाली, डिसेंबरात दोषसिद्धीच रद्द झाली. मुलांचे नमुने इतकी वर्षं जपलेले होते, म्हणूनच ही तपासणी होऊ शकली!

मी सोलापुरात फौजदारी वकिली करते. लाखेचं सील शाबूत, पण आत ओलसरच बांधलेला शर्ट आणि त्यावर काळी बुरशी, असं मुद्देमालाचं (पुरावा म्हणून जप्त केलेल्या वस्तूंचं) प्लास्टिकचं पाकीट कोर्टात उघडताना पाहिलंय. ओल्या कपड्यावर जिवाणू वाढतात, डीएनए तुटत जातो. असा कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायला हवा. त्यात आपला उन्हाळा. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये डीएनए नमुना 48 तासांत प्रयोगशाळेत पोचवायला आणि तो कोणाकोणाच्या हातून गेला याची नोंदवही ठेवायला सांगितलं, ते फार बरं झालं. पण निकालपत्राच्या शेवटी 'मुद्देमाल अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा' ही ओळ सर्रास असते. जन्मठेपेत तरी कैदी आत आहे तोवर रक्ताचे नमुने जपलेच पाहिजेत, नाहीतर उद्या नवी चाचणी आली तरी ती करायची कशावर?