मलय ‘बाजू’ आणि आपली बाजू

सध्या क्वालालंपूरला राहते. हारी राया, म्हणजे ईद, जवळ आली की दुकानादुकानांत ‘बाजू मेलायू’ मांडलेले दिसतात. हा मलय पुरुषांचा सणासमारंभाचा पोशाख: सैल, लांब बाह्यांचा सदरा, त्याच कापडाची विजार, कमरेभोवती गुंडाळायचं ‘सांपिंग’ हे वस्त्र आणि डोक्यावर काळी मखमली सोंगकोक टोपी. इथे ‘बाजू’ म्हणजे सदरा, कपडा. आपल्या ‘बाजू’शी याचं काही नातं आहे का?

– आहे. दोन्ही शब्द फारसी ‘बाझू’चे मानतात. मूळ अर्थ दंड. आपल्याकडे तो ‘बाजूबंद’मध्ये टिकून राहिला, एरवी शब्द ‘कड’ या अर्थाने रुळला.

– दंडावरून थेट सदरा? ओढूनताणून वाटतं.

– मला नाही वाटत. आपली ‘बाही’च बघा. संस्कृत ‘बाहु’ म्हणजे हात, त्यावरून हात झाकणारी ती बाही. मलयमध्ये तेच नाव सगळ्या कपड्याला मिळालं. शिवाय ‘बाहु’ आणि ‘बाझू’ एकाच मुळाचे आहेत. संस्कृतातल्या ‘ह’च्या जागी इराणी भाषांत बऱ्याचदा ‘झ’ येतो. ‘हिरण्य’ आणि ‘जर’ हीदेखील अशीच जोडी. आपल्या साडीची जर तीच, आणि उंची सांपिंगही सोंगकेतचं, म्हणजे जर घालून विणलेलं असतं!

– ‘सांपिंग’चीही गंमत आहे. रोजच्या मलयमध्ये ‘सांपिंग’ म्हणजे बाजू, कड. विजारीला तिकडे ‘सेलुआर’ म्हणतात, ती मात्र उघडउघड आपली सलवार.

– ताई, गळ्याच्या प्रकारांनाही नावं आहेत ना?

– हो, मुख्य दोन. ‘चेकाक मुसांग’ला आपल्या नेहरू शर्टासारखी उभी पट्टी आणि बहुधा पाच गुंड्या. मुसांग म्हणजे उदमांजर. दुसरा ‘तेलुक बेलांगा’. हे सिंगापुरातल्या एका ठिकाणाचं नाव. जोहोर या मलय राज्याच्या राज्यकर्त्यांचं ठाणं तिथे होतं. पुढे सुलतान झालेल्या अबू बकर यांनी ते जोहोर बारूला हलवलं आणि जुन्या जागेची आठवण म्हणून हा सदरा रूढ केला, असं सांगतात. याला कॉलर नसते. गोल गळ्याच्या काठाने बारीक टाके घालतात, त्यांना ‘तुलांग बेलूत’ म्हणतात: वाम माशाचा काटा. मी जवळून पाहिलेत. टाके खरोखरच काट्यासारखे दिसतात, आणि हातानेच घातलेले होते.