हायकोर्टाचा घुमट आणि कागदाचा मधोमध

भाऊ, तुम्ही लिहिलंय की नागपूर हायकोर्टाच्या इमारतीचं चित्र जलरंगात तीनदा रंगवलं, मोजमाप बरोबर आलं, तरी इमारत कागदावर चिकटवल्यासारखी दिसते. या इमारतीशी मीही खूप झगडलो आहे. हेन्री मेड यांनी आखलेली ही वास्तू 1940 साली खुली झाली, आणि ती आहेच मुळात सममित. मधला घुमट आपण सरळ कागदाच्या मध्यावर मांडतो आणि तिथेच चित्र अडकतं.

मला उपाय सापडला तो सावलीत. सकाळी आठच्या आत जाऊन बसा. ऊन तिरपं असतं, इमारतीची एक बाजू उजळते, दुसरी निळसर पडते, आणि सममिती आपोआप मोडते. आधी काडेपेटीएवढ्या चार-पाच चौकटी काढून फक्त तीन छटांत पेन्सिलने भरा : उजळ, मधली, गडद. खिडक्या मोजू नका. मी एकदा सगळ्या खिडक्या काढल्या, आणि त्या पायीच चित्र गेलं. सावलीतल्या खिडक्या एकाच वॉशमध्ये, म्हणजे पाणी घालून पसरवलेल्या रंगाच्या थरात, विरघळू द्या, उन्हातल्या दोन-तीनच नीट दाखवा.

इमारतीच्या वालुकाश्मासाठी रॉ सिएनाचा (पिवळसर मातकट रंग) पातळ वॉश, सावलीला अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). मात्र आपल्याकडे मे महिन्यात वॉश ब्रश फिरेपर्यंत वाळतो, कडा पडतात. म्हणून 300 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्या.

पुढच्या वेळी चौकटींचे फोटोही टाका, मला बघायचे आहेत.