घरातले छोटे जीव आणि खिडकीबाहेरचे शेजारी : आपले अनुभव लिहा

कुत्रा-मांजरांपलीकडचे लहान प्राणी आता मुंबईतील अनेक घरांत वाढत आहेत, आणि त्याच घरांच्या खिडक्यांबाहेर तांबट, खारी, घारी यांचा संसार वर्षभर चालू असतो. दोन्हींविषयीचे अनुभव या धाग्यावर लिहावेत, ही विनंती. प्राण्याचे खाणे, उकाड्यातील सोय आणि उपचार यांविषयी सविस्तर लिहिल्यास नव्याने प्राणी आणू पाहणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होईल.

दादर

आमच्याकडे गिनीपिगच्या दोन माद्या आहेत. हा कळपात राहणारा प्राणी असल्याने तो एकटा ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. माणसाप्रमाणेच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोजच्या आहारातून मिळाले नाही, तर सांधे दुखू लागतात आणि हिरड्यांतून रक्त येते. म्हणून ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि अधूनमधून पेरूची फोड आम्ही देतो. दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे वाळलेले गवत मात्र चोवीस तास समोर असावेच लागते. कोथिंबिरीची जुडी सोडताना कागदाचा आवाज झाला की, दोघी मागच्या पायांवर उभ्या राहून शिट्टीसारखा आवाज काढतात.

खरी परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये असते, कारण या प्राण्याला घाम येत नाही आणि तिशीच्या वरचे तापमान त्याला सोसत नाही. आम्ही पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला आहे. दुपारी दोघी त्यावर पाय पसरून पडतात. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने जागोजागी आहेत, पण अशा प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य शोधावा लागतो. तो आधी शोधावा आणि मगच प्राणी घरी आणावा.

विलेपार्ले

आमच्या गॅलरीतील जास्वंदीवर शिंजीर हे चिमुकले पक्षी नेहमी येतात. यंदा मादीने कपडे वाळत घालायच्या तारेलाच घरटे टांगायला घेतले. कोळ्याची जाळी, सालींचे कपचे, सुकलेल्या पाकळ्या असे सामान ती आणी, चोचीने टोचून बसवी आणि मग आत शिरून छातीने दाबून पोकळीला गोलाई देई. प्रवेशाच्या भोकावर तिने पुढे आलेली छोटी पडवीसुद्धा काढली. नर या बांधकामात भाग घेत नाही, परंतु पिल्ले बाहेर आल्यावर किडे घेऊन तोही येऊ लागला. कावळे टपलेले असतात आणि माणसाची वर्दळ वाढली तर पक्षी घरटे सोडू शकतात, म्हणून आम्ही कपडे घरातच वाळत घातले आणि अर्धा पडदा ओढून आतूनच पाहत राहिलो. फोटोसाठी घरट्याजवळ जाऊ नये, हे मुलांनी एकदा सांगताच ऐकले, याचे मला फार समाधान आहे.

बोरिवली

बजरीगर हे छोटे विदेशी पोपट पाळणाऱ्यांसाठी एकच सूचना: नॉनस्टिक भांडे गॅसवर जास्त तापल्यास त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकतो. पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा.

चेंबूर

घरात कासव ठेवले की भरभराट होते, या समजुतीपायी आमच्या एका नातेवाइकांनी स्टार कासव आणले होते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार ते बाळगणे गुन्हा आहे, आणि आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणेही तितकेच बेकायदा आहे. पुष्कळ समजावल्यानंतर त्यांनी ते वन विभागाकडे सोपवले. तत्पूर्वी ते तलावात सोडण्याचा विचार घरात चालला होता. परंतु स्टार कासव जमिनीवर राहणारे असल्याने खोल पाण्यात ते बुडून मरते. असे कासव कोणाकडे असल्यास, किंवा जखमी वन्यप्राणी आढळल्यास, वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.