आपली माणसं: आई-बाबांचं पॅरिसचं जेवण

ताई (पॅरिस): आई-बाबा, तुमच्या लग्नाचा वाढदिवस रविवारी येतोय, पण लार्पेज शनिवार-रविवार बंद असतं. म्हणून शुक्रवारी दुपारचं बुकिंग करतेय. माझ्याकडून. नाही म्हणायचं नाही.

आई: लार्पेज म्हणजे?

ताई (पॅरिस): हॉटेल गं, रोदँच्या म्युझियमजवळ. आलँ पासार म्हणून शेफ आहे. १९९६ मध्ये मिशलँ गाइडचा तिसरा तारा, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा, मिळाला त्याला.

दादा: मिशलँ म्हणजे तेच टायरवाले. लोकांनी गाड्या काढून लांब लांब जावं, टायर झिजावेत, म्हणून १९०० साली गाइड काढलं 😄

काका (न्यूजर्सी): तिथे वहिनी काय खाणार? बदक की गोगलगायी?

ताई (पॅरिस): म्हणून तर हे निवडलं! २००१ मध्येच त्याने मटण-बीफ बंद केलं, तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं. जुलै २०२५ पासून मासे, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. प्राण्यांकडचा फक्त मध, तोही स्वतःच्या पोळ्यांचा. भाज्याही स्वतःच्या मळ्यातल्या.

काका (न्यूजर्सी): फ्रान्समध्ये लोणी बंद??

आई: किती पडतं ते आधी सांग.

ताई (पॅरिस): 🚫 हा मेसेज डिलीट केला

दादा: मी वाचला. माणशी अडीचशे युरोच्या वर 🙈

आई: म्हणजे पंचवीस हजार? भाजीला? माझी मंडईची वर्षाची भाजी येते त्यात. रद्द कर.

ताई (पॅरिस): आई ऐक. त्यांचं बीट प्रसिद्ध आहे. गेरांदचं जाडं राखाडी मीठ असतं, ओलसर. त्याचा ढीग करून आत अख्खं बीट पुरतात आणि भट्टीत भाजतात. मिठाचं दगडासारखं कवच होतं. ते फोडलं की आतलं बीट स्वतःच्याच रसात शिजलेलं. खारट अजिबात नाही.

आई: आमच्या आजोळी वांगं असंच चुलीच्या राखेत खुपसायचे. त्याचे कोणी पैसे घेतले नाहीत.

वहिनी: आई, नेसणार काय ते ठरवा. ती मोरपिशी नेसा ना!

काका (न्यूजर्सी): माझा एक सल्ला. तिकडे 'आँत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. अमेरिकेत तोच शब्द मुख्य डिशला. मागच्या वर्षी तिकडे एका ठिकाणी मी ऐटीत नुसतं आँत्रे मागवलं. तळहाताएवढ्या बशीत तीन शतावरीच्या काड्या आल्या. रात्री हॉटेलवर येऊन चिवडा खाल्ला.

आत्या: 😂😂 चिवडा मी दिलेला ना?

बाबा: साधं पाणी मिळतं का?

ताई (पॅरिस): मिळतं बाबा. नुसतं 'पाणी' म्हटलं की बाटली आणतात, तिचे पैसे लागतात. 'कराफ दो' म्हणायचं, नळाचं पाणी जगमधून येतं, फुकट.

काका (न्यूजर्सी): हे मला तेव्हा का नाही सांगितलंस? आणि टिप?

ताई (पॅरिस): बिलात धरलेली असते. वर ठेवलीच पाहिजे असं नाही. बाबा, अजून एक. काटा-सुरी ताटात शेजारी शेजारी ठेवलीत की जेवण झालं असं समजून ताट उचलतात. बोलता बोलता ठेवू नका.

बाबा: मी हाताने जेवेन.

दादा: मिठातलं बीट हाताने 😂 व्हिडिओ पाठवा.

आई: शुक्रवारी मी घरीच बिटाची कोशिंबीर करणार होते.

ताई (पॅरिस): म्हणजे येताय! बुकिंग करताना काय काय खात नाही ते कळवायचं असतं. चातुर्मास आहे म्हणून कांदा, लसूण, वांगं लिहिलंय. लीक चालेल का?

आई: लीक काय असतं?

ताई (पॅरिस): कांद्याच्याच कुळातलं. जाड पातीसारखं दिसतं.

आई: मग तेही लिही. आणि विचार, बिटाला लावलेलं मीठ नंतर टाकून देतात का.