आईचं मनगट वाकडं जुळलं, डॉक्टरवर केस करावी का?

सातारकर_लेक: आई ६४ वर्षांची आहे, पावसात अंगणात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. इथल्याच एका खाजगी दवाखान्यात हाड ओढून बसवलं, प्लॅस्टर घातलं आणि सहा आठवड्यांनी या म्हणाले. तिसऱ्या दिवशीच बोटं टम्म सुजली म्हणून फोन केला तर हात उंच ठेवा एवढंच उत्तर, मधे एकदाही एक्स-रे नाही. प्लॅस्टर काढलं तर मनगट वाकडं, आता आईला भाकरी थापता येत नाही, कपडे पिळता येत नाहीत. दुसरे डॉक्टर ऑपरेशन लागेल म्हणतात. भाऊ पोलिसांत जायचं म्हणतोय, बाबा म्हणतात नशीब, सोडून द्या. काय करू?

हाडवैद्य_नाही_ऑर्थो: ताई, या वयात मनगटाचं हाड प्लॅस्टरच्या आत सरकणं काही दुर्मिळ नाही, चांगल्या डॉक्टरच्या हातूनही होतं, त्यामुळे नुसतं वाकडं जुळलं यावरून हलगर्जीपणा ठरत नाही. पण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच ते सरकतं म्हणून तर आठवडाभराने पुन्हा एक्स-रे काढतात, तेव्हा कळलं असतं तर परत बसवता आलं असतं. तुमचा मुद्दा हाच आहे. आणि सूज आल्यावर बोलवून न बघणं मला तरी पटत नाही.

वकील_काका: डॉक्टरसाहेब बोलले तोच केसचा कणा. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात, काळजी घ्यायची जबाबदारी होती, ती घेतली नाही आणि नुकसान त्यामुळेच झालं, आणि गाडी अडते ती नेहमी तिसऱ्यावर. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ साली बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती बिचारी गेली, त्यात सुप्रीम कोर्टाने १९९६ ला सरकारला जबाबदार धरलं, तिथे चूक उघडी होती. तुमच्याकडे तसं नाही, म्हणून दुसऱ्या ऑर्थोकडून लेखी मत घ्याच. आधी केसपेपर आणि सगळ्या एक्स-रे फिल्म लेखी अर्ज देऊन मागा, पोच घ्या, नियमाने ७२ तासांत द्यावे लागतात. फोन केल्याचा कॉल लॉगचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. भावाला सांगा पोलिसांत नको, तिथे ढोबळ, गंभीर निष्काळजीपणा लागतो, २००५ पासून सुप्रीम कोर्टाचं तसं धोरण आहे. तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं, आणि दवाखान्याला दिलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर फी शून्य.

सातारकर_लेक: बिलं आणि पहिली फिल्म आहे माझ्याकडे. पण केस चालू असताना ऑपरेशन करून घेतलं तर अडचण येईल का?

वकील_काका: अजिबात नाही, आईचा हात आधी. फक्त ऑपरेशनच्या आधीचा एक्स-रे आणि दोन्ही हातांचे शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा, नंतर ते वाकडेपण दाखवायला काही उरणार नाही. ऑपरेशनचा खर्चसुद्धा भरपाईत मागता येतो, पावत्या सांभाळा.